मळीतून आलेले इंधन आणि आपली लहान यंत्रे

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागून हिंडलगा व सुळगा ही गावे मागे टाकली, की उचगावचे शिवार दिसू लागते. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या डोंगररांगा, जवळून वाहणारी मार्कंडेय नदी, पावसाळ्यात भाताची हिरवीगार खाचरे, माळावर रताळी आणि बटाटे, व जेथे पाण्याची सोय आहे तेथे थोडाफार ऊस, असे ह्या भूमीचे साधे व प्रसन्न रूप आहे. एके काळी ह्या शिवारात बैलांच्या घुंगरांखेरीज दुसरा आवाज नसे. आज मात्र सकाळी बांधावर उभे राहिल्यास चोहोंकडून लहान लहान इंजिनांची घरघर कानी येते. कोणी पॉवर वीडरने भांगलण करीत असतो, कोणी पाठीवर पेट्रोलचा फवारणी पंप घेऊन निघालेला असतो, कोणी ब्रश कटरने बांधाचे गवत कापीत असतो, तर कोणी वादळात पडलेल्या झाडावर चेन करवत चालवीत असतो.

हा बदल हौसेपायी झालेला नाही. घरातील तरुण मुले उद्यमबागेत किंवा शहरातील दुकानांत कामास जातात. मजूर मिळत नाहीत, आणि मिळाले तरी सुगीच्या चार दिवसांत सगळ्यांनाच ते एकदम हवे असतात. तेव्हा ज्या घरी दोन म्हातारी माणसे आणि दोन एकर भात आहे, त्या घरी पेट्रोलवर चालणारे एखादे लहान यंत्र ही चैन नसून गरज होऊन बसली आहे. यास्तव त्या यंत्राच्या पोटात आपण काय ओततो, हा प्रश्न प्रत्येक शेतकरी कुटुंबाच्या जिव्हाळ्याचा आहे. तो आमच्या ध्यानात कसा आला, हे प्रथम सांगणे योग्य होईल. कारण ह्या कथेत चूक दुसऱ्या कोणाची नसून आमची स्वतःची आहे.

आमच्या घरचा प्रसंग

आमच्या घरी एक ब्रश कटर आहे. टू-स्ट्रोक जातीचे, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारे. पावसाळ्यात ते बांधाच्या गवतास उपयोगी पडते, आणि सुगीत त्याला गोल करवती पाते लावून भातही कापता येते. गेल्या वर्षी ऑगस्टअखेर बांध साफ झाले, तेव्हा अर्धी भरलेली टाकी तशीच ठेवून आम्ही ते यंत्र पडवीतील खुंटीस अडकवले. झाकण नीट बसले आहे की नाही, हे कोणी पाहिले नाही. पुढे सप्टेंबरच्या पावसाची झड पडवीत येत राहिली, तिकडेही कोणाचे लक्ष गेले नाही.

नोव्हेंबरात भात कापणीस आले. कणसे सोन्यासारखी पिवळी झाली होती, आणि आकाशात अवकाळी पावसाचे ढग जमू लागले होते. ज्यांनी भाताची शेती केली आहे, त्यांना ह्या दोन गोष्टी एकत्र येणे म्हणजे काय, हे समजावून सांगणे न लगे. पिकलेले भात आडवे झाले की दाणा झडतो, उरलेला चिखलात कुजतो आणि पिंजरही काळे पडते. आम्ही पहाटेस यंत्र खाली काढले, दोरी ओढली. एकदा नव्हे, चाळीस वेळा ओढली. यंत्र काही केल्या सुरू होईना. शेवटी विळे बाहेर काढले, भाऊबंदांना हाक मारली, आणि पैऱ्याने जेवढे कापता आले तेवढे कापले. दुपारनंतर पाऊस आलाच. एक वावर उभे होते ते आडवे झाले. त्या रात्री घरात कोणी फारसे बोलले नाही.

आमच्या मनातील पहिला विचार, आम्ही प्रांजलपणे कबूल करतो, रागाचा होता. “पेट्रोलात भेसळ आहे,” असे आम्ही चार जणांत बोलून गेलो. ज्या पंपावरून पेट्रोल आणले होते, त्याच्या मालकाविषयीही दोन कठोर शब्द तोंडून निघाले. दुसऱ्या दिवशी यंत्र दुरुस्तीस नेले, तेव्हा ह्या शब्दांबद्दल आम्हांस लाज वाटण्याची पाळी आली.

एका बाटलीत दोन थर

दुरुस्ती करणारा मिस्त्री वयाने लहान, परंतु समजूतदार होता. त्याने प्रथम टाकीतील पेट्रोल एका स्वच्छ काचेच्या बाटलीत ओतले आणि बाटली फळीवर ठेवली. थोड्या वेळाने पाहतो तो बाटलीत दोन थर दिसू लागले. वरच्या थरास ऑइलचा रंग होता. तळाशी मात्र पाण्यासारखा नितळ थर साचला होता. मग त्याने कार्ब्युरेटर उघडून दाखविला. आतील ॲल्युमिनियमवर पांढरट पूड बसली होती, जेटच्या सूक्ष्म छिद्रात डिंकासारखा चिकट पदार्थ अडकला होता, पेट्रोल ओढणारा डायफ्रामचा पातळ पापुद्रा ताठ झाला होता, आणि टाकीतील रबरी नळी फुगून तिला चिरा गेल्या होत्या.

आम्ही भेसळीचा विषय काढला. तो हसला. त्याने एका मापाच्या नळीत २० मिलिलिटर पाणी घेतले, त्यावर पंपावरून ताजे आणलेले १०० मिलिलिटर पेट्रोल ओतले, नळी हलविली आणि स्थिर ठेवली. तळाचे पाणी वाढून जवळजवळ दुप्पट झाले! “ही भेसळ नव्हे,” तो म्हणाला, “हे इथेनॉल. सरकारच ते घालते. पेट्रोल सोडून ते पाण्यात गेले, एवढेच.” हा प्रयोग कोणास करून पाहावयाचा असल्यास तो घराबाहेर, चूल व दिवा यांपासून दूर करावा, हे आम्ही येथेच सांगून ठेवतो.

पुढे तो आणखी एक वाक्य बोलला, ते आम्ही विसरणार नाही. तो म्हणाला, “तुमचे यंत्र सुरू झाले नाही, हे तुमचे नशीब.” ह्याचे कारण असे, की टाकीतील नळीचे तोंड तळाशी असते. तळाचा थर पाण्याचा व मद्यार्काचा. त्यात ऑइल जवळजवळ नाहीच, कारण ऑइल वरच्या पेट्रोलसोबत राहिलेले. टू-स्ट्रोक इंजिनास वंगण मिळते ते केवळ इंधनात मिसळलेल्या ऑइलचे. तेव्हा तो तळाचा थर ओढून यंत्र कसेबसे चालले असते, तर पिस्टन कोरडाच घासला जाऊन सिलिंडरमध्ये जाम झाला असता, आणि दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या किंमतीजवळ गेला असता.

हे इंधन आले कोठून?

इथेनॉल म्हणजे मद्यार्क. आपल्या भागातील वाचकांस त्याचे कूळ निराळे सांगावयास नको. बेळगाव जिल्हा हा कर्नाटकातील उसाच्या प्रमुख जिल्ह्यांपैकी एक आहे. निपाणी, चिकोडी, अथणी, रायबाग, गोकाक ह्या टापूत हिवाळ्यात उसाच्या गाड्यांनी रस्ते भरून जातात. उसाचा रस आटवून साखर काढली की जो काळा, दाट द्रव उरतो ती मळी. ती आंबवून तिचे आसवन केले की मद्यार्क मिळतो. एक टन अखेरच्या मळीपासून सुमारे २२५ लिटर इथेनॉल निघते. आणि साखर न काढता थेट रसापासून केल्यास एक टन उसास सुमारे ७० लिटर. कृष्णाकाठच्या उगार खुर्दसारख्या जुन्या कारखान्याजवळ आसवनी आहे, ती ह्याच कामासाठी.

ही कल्पना नवी आहे असेही नाही. स्वातंत्र्य मिळताच, १९४८ साली, आपल्या देशात ‘पॉवर अल्कोहोल’विषयीचा कायदा झाला होता. मळीपासून मद्यार्क करून तो पेट्रोलमध्ये मिसळावा आणि परदेशी तेलाचा खर्च वाचवावा, हाच त्याचाही हेतू होता. तो कायदा बरीच वर्षे पुस्तकातच राहिला व २००० साली रद्द झाला. त्यानंतर २००१ साली नव्याने प्रयोग सुरू झाले. त्यांतील पहिली ठिकाणे कोणती? आपल्या शेजारचे मिरज, नाशिक जिल्ह्यातील मनमाड, आणि उत्तर प्रदेशातील बरेली. म्हणजे ज्या गोष्टीची आज देशभर चर्चा आहे, तिचा आरंभ आपल्या घराजवळच झाला, हे फार थोड्यांस ठाऊक असेल.

२००३ साली नऊ राज्यांत ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचे ठरले. परंतु पुढील दहा वर्षे गाडी रखडत चालली. २०१३-१४ मध्ये प्रत्यक्ष प्रमाण जेमतेम दीड टक्का होते. नंतर मात्र वेग आला. २०२२ च्या जूनमध्ये १० टक्क्यांचा पल्ला गाठला गेला. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळूर येथे पंतप्रधानांच्या हस्ते २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलचा आरंभ झाला. हे उद्दिष्ट प्रथम २०३० साठी ठेवलेले होते. ते २०२५ मध्येच गाठले गेले. आता हे इथेनॉल केवळ उसाचे राहिलेले नाही. मका व इतर धान्यापासून होणाऱ्या इथेनॉलचा वाटा उसाहून मोठा झाला आहे. इथेनॉलविरहित पेट्रोलही पंपावर मिळावे, अशी एक याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे गेली होती. ती १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळण्यात आली. तात्पर्य, हे मिश्रण आता आपल्या नित्याच्या जीवनाचा भाग झाले आहे.

ह्यात देशाचा लाभ आहे, हे कोणीही निःपक्षपाती मनुष्य मान्य करील. परदेशी तेलासाठी जाणारा पैसा काही अंशी देशात राहतो. साखरेचा भाव पडला तरी कारखान्याच्या हाती दुसरे उत्पन्न असते, आणि उसाची थकलेली बिले लवकर मिळण्यास त्याची मदत होते. ज्या घरी उसाचे बिल येण्याची वाट पाहत मुलीचे लग्न लांबणीवर पडले आहे, त्या घरास ह्याचे मोल विचारावे. म्हणून इथेनॉलला दूषण देण्यासाठी आम्ही ही लेखणी हाती घेतलेली नाही. उसाच्या शेतातून निघालेली वस्तू भाताच्या शेतातील यंत्रास कशी मानवेल, एवढाच आमचा प्रश्न आहे.

मोठ्या गाडीस चालते, ते लहान यंत्रास का चालत नाही?

नव्या मोटारीत व दुचाकीत इंधन किती सोडावे हे ठरविणारी विद्युत यंत्रणा असते. धुरातील प्राणवायू मोजून ती क्षणोक्षणी प्रमाण बदलते. शिवाय एप्रिल २०२३ नंतरच्या वाहनांतील नळ्या, रबर व धातू हे २० टक्के मिश्रणास टिकतील असे केलेले असतात. जुन्या वाहनांस हे मिश्रण कितपत मानवते, ह्यावर वाद झाले आहेत. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या पद्धतीच्या चारचाकींचे मायलेज ६ ते ७ टक्के व दुचाकींचे ३ ते ४ टक्के घटेल असा अंदाज दिला होता. परंतु ब्रश कटर, फवारणी पंप किंवा चेन करवत यांचा विचार त्या वादात क्वचितच होतो.

ह्या लहान यंत्रात बहुधा साधा कार्ब्युरेटर असतो. त्याच्या जेटचे छिद्र कारखान्यात एकदा ठरलेले, ते आपले आपण बदलत नाही. आता पाहा, एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक किलो इथेनॉलला ९ किलोच पुरते, कारण त्याच्या अंगी प्राणवायू आधीच असतो. जेट तेच ठेवून इथेनॉल वाढविले, की इंधनाच्या मानाने हवा जास्त होते. ह्यास मिस्त्री लोक ‘मिश्रण विरळ झाले’ असे म्हणतात. विरळ मिश्रणावर इंजिन अधिक तापते, गती वरखाली करते, आणि थंडीच्या सकाळी सुरू होण्यास कुरकुरते. त्यातच एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच उष्णता असते. त्यामुळे तेवढ्याच कामास इंधन थोडे अधिक लागते.

दुसरी गोष्ट पाण्याची. पेट्रोल पाण्याशी फटकून राहते, इथेनॉल मात्र त्यास जवळ करते. १० टक्क्यांच्या मिश्रणाचे एक लिटर पेट्रोल सुमारे ५ मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा पाणी आपल्यात सामावून घेते. २० टक्क्यांचे त्याहून काही अधिक घेते. ती मर्यादा ओलांडली, किंवा रात्रीच्या गारठ्याने इंधन थंड झाले, की मद्यार्क पेट्रोलची संगत सोडून पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसतो. घट्ट झाकणाच्या टाकीत हवेतील दमट अंश हळूहळूच शिरतो. खरा घात करते ते सैल झाकणातून गेलेले पावसाचे पाणी आणि आतून ओला राहिलेला डबा. सह्याद्रीलगतच्या आपल्या गावांत चार महिने सर्वत्र ओल असते, हे लक्षात घेतले म्हणजे सावधगिरीचे महत्त्व कळेल.

तिसरी गोष्ट रबर व धातूची. जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या, बुचाची गॅस्केटे, हाताने दाबावयाची पेट्रोलची फुगी, डायफ्राम, ही सर्व इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात, आणि पुन्हा वाळली की ताठ होऊन चिरतात. ओलसर मद्यार्क जस्त, पितळ व ॲल्युमिनियम यांसही खातो. शिवाय जुन्या टाकीच्या भिंतीस वर्षानुवर्षे चिकटलेला मळ तो सोडवितो, आणि तो मळ नेमका जेटच्या तोंडाशी जाऊन बसतो.

न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगितले पाहिजे, की यंत्राच्या प्रत्येक दुखण्याचे खापर इथेनॉलवर फोडणे बरोबर नाही. निर्भेळ पेट्रोलही महिनोन् महिने ठेवल्यास शिळे होते व डिंक धरते. धुळीने भरलेला एअर फिल्टर, हलके ऑइल, काजळी धरलेला प्लग, यांनीही यंत्र बंद पडते. इथेनॉलने एवढेच केले आहे, की पूर्वी जो निष्काळजीपणा खपून जात असे, तो आता खपत नाही.

अमेरिकेतील एक इशारा

आमच्या वाचकांस वाटेल की ही खेड्यातील लोकांची तक्रार आहे. तसे नाही. अमेरिकेत २०१० व २०११ साली १५ टक्के मिश्रणास परवानगी देण्यात आली, ती २००१ व त्यानंतरच्या मोटारींपुरतीच. मोटारसायकली, नावा, गवत कापण्याची यंत्रे व चेन करवती यांत ते घालण्यास मनाई ठेवली, आणि तशी सूचना पंपावर चिकटविण्याचा नियम केला. त्यापूर्वी तेथील सरकारी प्रयोगशाळांनी लहान इंजिनांवर १०, १५ व २० टक्के मिश्रणाच्या चाचण्या घेतल्या होत्या. इथेनॉल वाढले तसे इंजिनाच्या धुराचे तापमान वाढले. त्याहूनही ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की हाती धरून चालविण्याच्या तीन गवतकापणी यंत्रांची मंद गती इतकी वाढली, की क्लच आपोआप पकडला गेला. ह्याचा अर्थ, चालविणाऱ्याने ॲक्सिलेटर सोडलेला असतानाही कापणारा भाग फिरत राहिला.

ज्यांच्या घरी ब्रश कटरला पोलादी पाते लावले जाते, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. यंत्र बिघडले तर पैसा जातो. पण शेजारी पेंढ्या बांधणाऱ्या बाईचा पाय किंवा बांधावर खेळणाऱ्या मुलाचा हात गेला, तर तो कोणत्या बाजारात मिळणार आहे?

ब्राझील देशाचे उदाहरणही बोधप्रद आहे. त्या देशाने १९७५ पासून उसाच्या मद्यार्काचा राष्ट्रीय कार्यक्रम चालविला, आणि ऑगस्ट २०२५ पासून तेथील पेट्रोलमध्ये ३० टक्के इथेनॉल असते. तेथे हे निभावते, कारण इतक्या वर्षांत इंधन व यंत्रे एकमेकांस साजेशी होत गेली. आपल्याकडे इंधन पुढे धावले आहे; पडवीतील खुंटीवरचे यंत्र जुनेच आहे.

कुटुंबाने काय करावे?

मिस्त्रीने सांगितलेले, यंत्रासोबतच्या पुस्तिकेत दिलेले, आणि आम्ही स्वतः धडा घेऊन पाळू लागलेले काही नियम येथे देतो. त्यांस पैसा लागत नाही, सवय लागते.

१. पेट्रोल हा आता दुधासारखा नाशवंत पदार्थ समजावा. लागेल तेवढेच आणावे, आणि महिन्याच्या आत संपवावे. डब्यावर आणल्याची तारीख लिहावी.

२. टू-स्ट्रोक यंत्रासाठी ऑइल व पेट्रोलचे मिश्रण त्या दिवसापुरतेच करावे. प्रमाण पुस्तिकेत असेल तेच ठेवावे. ५० ला १ असेल तर लिटरला २० मिलिलिटर, २५ ला १ असेल तर ४०. टाकीत ओतण्यापूर्वी डबा चांगला हलवावा. ऑइलमध्ये काटकसर करणे म्हणजे विळ्याची मूठ वाचविण्यासाठी पाते मोडणे होय.

३. हंगाम संपला की टाकी रिकामी करावी. मग यंत्र सुरू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे कार्ब्युरेटरमधील इंधनही जळून जाईल. पंपसेट किंवा वीडरच्या कार्ब्युरेटरला तळाशी स्क्रू असतो. तो सैल करून वाटीतील उरलेले पेट्रोलही काढावे. हे दहा मिनिटांचे काम पुढच्या सुगीचा एक दिवस वाचविते.

४. झाकणाचे गॅस्केट तपासावे. यंत्र पावसाची झड येणार नाही अशा कोरड्या जागी ठेवावे. पेट्रोलचा डबा पेट्रोलसाठीच केलेला, घट्ट बुचाचा असावा. पाण्याची किंवा थंड पेयाची बाटली वापरू नये. तो चुलीपासून व मुलांपासून दूर असावा.

५. दर हंगामाच्या आरंभी रबरी नळी, टाकीतील फिल्टर, फुगी व डायफ्राम पाहावेत. बदलावे लागल्यास इथेनॉलला टिकणारे भाग दुकानदाराकडे मागून घ्यावेत.

६. ॲक्सिलेटर सोडल्यावरही पाते फिरत असेल, तर यंत्र तत्काळ बंद करावे व मिस्त्रीकडे न्यावे. आवाज छान येतो म्हणून स्क्रू पिळून मिश्रण अधिक विरळ करू नये.

७. शिळे किंवा दोन थर झालेले पेट्रोल चूल पेटविण्यास कधीही वापरू नये. ते ओढ्यात किंवा विहिरीजवळही ओतू नये. मिस्त्रीस विचारून त्याची विल्हेवाट लावावी.

८. नवे यंत्र घेताना पहिला प्रश्न किंमतीचा न विचारता हा विचारावा: हे यंत्र २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर चालते काय, आणि तसे पुस्तिकेत लिहिले आहे काय? तोंडी होकारावर विश्वासू नये.

विक्रेत्यांस व सरकारास विनंती

शेवटच्या नियमात एक मोठी अडचण दडलेली आहे. बाजारात येणारी कित्येक स्वस्त यंत्रे परदेशी बनावटीची असतात, आणि त्यांच्यासोबत येणारी पुस्तिका इंग्रजीत असते. उचगावचा शेतकरी घरी मराठी बोलतो, कचेरीत कन्नड कागद हाती घेतो. इंग्रजी पुस्तिका मात्र तो खोक्यासहित माळ्यावर टाकतो. त्यात त्याचा काय दोष? ज्याच्या हाती यंत्र द्यावयाचे, त्याच्या भाषेत त्याचे पथ्यही सांगणे, हा साध्या माणुसकीचा नियम आहे. वैद्य औषध देतो तेव्हा ते जेवणापूर्वी घ्यावे की नंतर, हे रोग्याच्या भाषेतच सांगतो.

म्हणून यंत्रे विकणाऱ्यांस आमची विनंती आहे, की अर्ध्या पानाची का होईना, मराठी व कन्नड सूचना खोक्यात ठेवा. पंपचालकांस विनंती, की इथेनॉलचे प्रमाण आणि लहान यंत्रांविषयीची खबरदारी ठळक अक्षरांत लावा. सरकारास विनंती, की मोटारींच्या चाचण्या होतात तशा शेतकऱ्याच्या हातातील यंत्रांच्याही व्हाव्यात, आणि त्यांचे निष्कर्ष गावच्या कृषी केंद्रापर्यंत पोहोचावेत. देशाच्या हिताचा भार सर्वांनी उचलावा हे रास्त आहे. परंतु तो भार किती व कोणता, हे उचलणाऱ्यास आधी सांगितले पाहिजे.

आणि आपण? आपण आपल्या वाडवडिलांची एक रीत पुन्हा आठवावी. हंगाम संपला की ते नांगर धुऊन, फाळास तेल लावून, जू आढ्यास टांगून ठेवीत. बैलास विसावा देत, त्याचे खांदे चोळीत. कामाचा दिवस संपला म्हणजे अवजाराविषयीचे आपले कर्तव्य संपले, असे ते मानीत नसत. इंजिन आले, आणि दोरी ओढली की झाले, असा आपला समज झाला. यंत्र बैलासारखे हंबरून आपली भूक किंवा दुखणे सांगत नाही; म्हणून तर त्याची काळजी अधिक डोळसपणे घ्यावी लागते.

ज्या पंपमालकाविषयी आम्ही नको ते बोललो, त्यास आम्ही पुढील आठवड्यात भेटलो आणि झाली गोष्ट सांगितली. त्याने मनावर घेतले नाही. उलट, आपल्याकडे रोज दोघेतिघे हीच तक्रार घेऊन भांडावयास येतात, असे तो म्हणाला. त्या दोघातिघांपैकी कोणी हा लेख वाचला, तर लिहिल्याचे चीज झाले असे आम्हांस वाटेल.

यंदा आमचे यंत्र त्याच पडवीत आहे, परंतु आतल्या बाजूच्या खुंटीस. टाकी कोरडी आहे, झाकण घट्ट आहे, नळी नवी आहे. शेजारच्या खुंटीस विळाही आहे, आणि त्यालाही आम्ही धार लावून ठेवली आहे.